शेरा: निरंक

आमच्या गल्लीच्या टोकाला, सायकलच्या दुकानावर राहणारे गणतीकाका सरकारी नोकरीत होते, आणि त्यांचं काम पाणपक्षी मोजण्याचं होतं. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हटकून विचारतो, की मोजून पुढे काय करायचं. काकांनीही नोकरीच्या पहिल्या दिवशी हाच प्रश्न केला होता. पुढे उद्या मोजायचं, असं त्यांना उत्तर मिळालं.

जागा खरं तर तीन महिन्यांसाठी निघाली होती. तीन महिन्यांनी ती बंद करण्याचा कागद निघायचा होता. पण ज्याने तो काढायचा त्याची बदली झाली, नव्याला वाटलं जुन्याने काढला असेल, आणि तेवढ्या फटीत काकांची एकोणतीस वर्षं नोकरी झाली. मधल्या काळात वरचे पाच-सहा साहेब आले नि गेले. त्यातल्या दोघांना अशी काही जागा आपल्याकडे आहे हे निवृत्तीच्या दिवशी कळलं.

तळं शहराच्या पूर्वेला, रेल्वे यार्डाच्या पलीकडे. तळं म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं काही नव्हतं ते. गुडघाभर पाणी, कमरेइतका चिखल आणि डोक्याइतकं लव्हाळं. होडी चालत नाही, पोहता येत नाही, फिरायला गेलेल्या माणसाची चप्पल आत राहते आणि माणूस बाहेर येतो. माणसाच्या कसल्याच उपयोगाचं नसल्यामुळे पक्ष्यांची तिथे चैन होती. थंडी पडू लागली की उत्तरेकडून बदकं यायची ती हजारांनी. काठावर चार खांबांवर पत्र्याची एक खोली उभी केली होती. दप्तरात तिचं नाव निरीक्षण मनोरा. काकू तिला खुराडं म्हणायच्या. पाखरं बाहेर मोकळी नि माणूस आत कोंडलेला, असं खुराडं आपण दुसरीकडे पाहिलं नाही, असं त्या वर सांगायच्या.

मोजण्याची काकांची रीत स्वतःची होती. आधी पंचवीस पक्षी एकेक करून मोजायचे, तेवढ्या थव्याचा आकार डोळ्यांत धरायचा आणि मग तोच आकार सगळ्या तळ्यावर ठेवत जायचं. या आकाराला ते चिमूट म्हणत. चाळीस चिमटी आणि वर सात, म्हणजे एक हजार सात. हा हात इतका बसला होता, की भाचीच्या लग्नात आचाऱ्याने पानं किती धरायची विचारलं तेव्हा काकांनी मांडवावर एक नजर फिरवून चारशे बारा सांगितलं, आणि त्यातले सतरा उडते आहेत, जेवायला थांबणार नाहीत, असंही सांगितलं. पंगती उठल्या तेव्हा आचाऱ्याच्या हिशेबाने तीन पानं कमी-जास्त झाली. काकांना त्या तिघांची रुखरुख बरेच दिवस होती.

मोजलेलं सगळं नोंदवहीत जायचं. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, मग पक्ष्यांचे रकाने: टिबुकली, थापट्या, तलवार बदक, शेकाट्या, पाणकावळा, इतर. आणि सगळ्यांत शेवटी, पानाच्या उजव्या कडेला, शेरा.

या शेऱ्याच्या रकान्यात काका पहिल्या आठवड्यात मनापासून लिहायचे. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'आज करकोच्यांची जोडी आली. दोघेही दमलेले दिसले.' नोंदवही कचेरीत गेली आणि परत आली तेव्हा त्या ओळीखाली तांबड्या शाईने लिहिलं होतं: 'दमलेले कशावरून? खुलासा करावा.' काकांनी खुलासा केला. तो एका प्रतीत चालत नाही म्हणून तीन प्रतींत केला. त्यावर करकोच्यांच्या वयाविषयी विचारणा झाली. तिसऱ्या पत्रानंतर काका स्वतः कचेरीत गेले, तेव्हा तांबड्या शाईचा मालक त्यांना भेटला. तो काकांच्याच वयाचा कारकून होता, आणि माणूस वाईट नव्हता. त्याने काकांना खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावून सांगितलं, की शेऱ्यात काही लिहिलं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं, आणि इथे उत्तर द्यायला माणूस नाही. तेव्हा तिथे निरंक लिहीत जा.

निरंक म्हणजे कचेरीच्या भाषेत काही नाही. हा शब्द लिहिला की रकाना रिकामाही राहत नाही आणि भरतही नाही. काकांनी दुसऱ्या दिवसापासून निरंक लिहायला सुरुवात केली. ज्या दिवशी एकाच वेळी अकरा हजार बदकं उतरली आणि पाणी दिसेनासं झालं, त्या दिवशी शेरा निरंक. चाळीस वर्षं या भागात कुणाला न दिसलेले रोहित पक्षी पहाटे दोनशेच्या संख्येने उभे होते, तेव्हाही निरंक. खुराड्याची शिडी मोडून काका चिखलात पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला, त्या दिवशीची नोंद त्यांनी पडल्यावर केली. अक्षर हललेलं आहे, पण निरंकच आहे.

असं सगळं सुरळीत चालू असताना, काकांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते तेव्हा, शहराला मालवाहतूक केंद्र मंजूर झालं. मोठी गोदामं, शीतगृह, दोनशे ट्रक उभे राहतील असा तळ. त्यातून दीड हजार लोकांना काम मिळणार होतं, आणि ही गोष्ट थाप नव्हती. आमच्या गल्लीतल्याच सात जणांनी अर्ज भरले होते. तळ्यावर कुणाचा राग होता असंही नाही. ते रेल्वेला लागून होतं आणि सपाट होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

नियम मात्र एक आडवा होता. ज्या पाणथळ जागेचं काही वैशिष्ट्य सरकारी दप्तरात नोंदलेलं असेल, ती बुजवता येत नाही. तेव्हा दप्तर तपासण्यासाठी केंद्राच्या कंपनीने एक सल्लागार नेमला. हा तरुण एका सकाळी इस्त्रीची पँट सांभाळत खुराड्याची शिडी चढून वर आला आणि त्याने काकांचे दोन्ही हात हातांत घेतले. एकोणतीस वर्षांत वर चढून आलेला हा चौथा माणूस. त्यातले दोन पत्रे बदलायला आले होते.

"काका, तुमच्यासारख्या नोंदी मी देशात कुठे पाहिल्या नाहीत," तो म्हणाला. "एक दिवस खाडा नाही. आणि काय सातत्य."

काकांना फार बरं वाटलं. त्यांनी त्याला दुर्बीण दिली, शेकाट्या दाखवला, डब्यातलं अर्धं खायला दिलं. सल्लागाराने सांगितलं, की पुढच्या आठवड्यात जनसुनावणी आहे, त्या वेळी तुमचा सत्कार ठेवला आहे. मग त्याने पिशवीतून अहवाल काढून चौसष्टावं पान उघडून दाखवलं. तिथे ठळक अक्षरांत होतं: 'सलग एकोणतीस वर्षांच्या दैनंदिन शासकीय निरीक्षणानुसार या स्थळी विशेष बाब: निरंक.'

काकांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. त्यांनी विचारलं, की आधीचे रकाने कुठे गेले. सल्लागाराने प्रामाणिकपणे उत्तर दिलं. पानं साडेपाच हजारांवर होती आणि संगणकावर उतरवायला मुदत चार दिवस, म्हणून फक्त शेवटचा रकाना घेतला.

"आकडे काय, सगळीकडेच असतात. निष्कर्ष शेऱ्यात असतो ना," तो म्हणाला, आणि तोंड पुसून खाली उतरला.

काका त्याच दुपारी कचेरीत गेले. तांबड्या शाईचा कारकून आता तिथला अधीक्षक झाला होता. शाई निळी झाली होती, चहा तोच होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, खुर्ची जरा पुढे ओढली आणि बोटं मोडत पेच मांडून दाखवला.

"निरंक खरं असेल तर तळ्यात काही नाही, विषय संपला. निरंक खोटं असेल तर तुम्ही एकोणतीस वर्षं खोटी नोंद केलीत. खोटी नोंद म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे पेन्शन अडकली. मधलं काही नाही यात."

"पण निरंक लिहायला तुम्हीच सांगितलं होतं."

"तोंडी सांगितलं होतं," अधीक्षक म्हणाला. हे म्हणताना त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याने काकांचा कप पुन्हा भरला. सहा महिने गप्प राहा, असं त्याने जिन्यापर्यंत सोडायला येऊन सांगितलं. तळं तुमच्या नावावर थोडंच आहे.

काकू घरी शिवणकाम करायच्या. तयार कपडे कुणालाच बेतात बसत नाहीत, या एका तत्त्वावर त्यांनी घराचा निम्मा भार उचलला होता. काका आले तेव्हा त्या कुणाच्या तरी पँटीची उंची कमी करत होत्या आणि तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या असल्या की त्या कमी बोलत, म्हणून काका अवघड गोष्टी त्याच वेळी सांगत. त्यांनी अहवाल, सत्कार, पेन्शन, सगळं एका दमात सांगून टाकलं. काकूंनी एकेक टाचणी काढून उशीवर खोचली. हे लक्षण बरं नव्हतं.

"तुम्ही बोललात तर तळं वाचेल का?"

"नाही बहुतेक."

"आणि पेन्शन?"

"ती जाईल. निदान अडकेल."

"म्हणजे तळं नाही ते नाही, वर पेन्शनही नाही. हे मोजायला तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात?"

काका खिडकीपाशी उभे राहिले. खाली सायकलवाला वाकड्या चाकातला आऊट काढत होता. मग ते म्हणाले, "ते माझ्या अक्षरात लिहिलंय गं."

एकोणतीस वर्षं गप्प बसलात त्यात आणखी सहा महिने काय जड होते, असं काकू दुसऱ्या दिवशी भांडी लावताना म्हणाल्या, पण भांड्यांकडे बघून. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी काकांचा लग्नातला कोट काढला, कमरेत दोन बोटं सैल केला आणि खुंटीला लावून ठेवला. सत्कारासाठी की बोलण्यासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. आम्ही गल्लीतले बारा-पंधरा जण गेलो होतो. अर्ज भरलेले सातही होते आणि ते पुढच्या रांगेत होते. व्यासपीठावर मोठे साहेब, त्यांच्या शेजारी कंपनीचे दोघे आणि कडेला सल्लागार. पडद्यावर गोदामांची चित्रं दाखवली. चित्रांत गोदामांभोवती झाडं होती, झाडांवर पक्षी होते. ते पक्षी इथे कधी येत नाहीत, असं काका माझ्या कानात म्हणाले. मग सत्कार झाला. काकांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि प्रमाणपत्र मिळालं. मोठे साहेब टाळ्या थांबल्यावर म्हणाले, की आता आमच्या या निष्ठावंत सहकाऱ्याने दोन शब्द बोलावेत.

काका ध्वनिक्षेपकापाशी गेले. घड्याळ त्यांनी छातीशी धरलं होतं.

"खोटं लिहिलं," ते म्हणाले, आणि जागेवर येऊन बसले.

ज्याने जन्मभर मोजण्याचा पगार घेतला, त्याला दोन शब्द सांगितले तर तो दोनच बोलणार. पण हे फक्त आम्हाला कळलं. सभागृहात कुजबुज झाली. साहेबांनी हसून विचारलं, की काय खोटं, कुणी लिहिलं. तेव्हा काका पुन्हा उठले आणि या वेळी बसले नाहीत. शेऱ्याचा रकाना आपण दहा हजार पाचशे एकोणनव्वद वेळा खोटा भरला, असं त्यांनी सांगितलं. मग अकरा हजार बदकं सांगितली, तारीख-वेळेसकट. दोनशे रोहित सांगितले. टिबुकलीने कोणत्या साली लव्हाळ्यात कुठे घरटं केलं होतं, ते सांगितलं. आवाज चढवला नाही. रोजची नोंद वाचून दाखवावी तसं ते बोलत होते, आणि अर्ज भरलेल्या सातांपैकी एकजण नकळत बोटांवर मोजत होता. बाविसाव्या मिनिटाला साहेबांनी आपली भावना आम्ही समजू शकतो असं म्हटलं, आणि चहाची वेळ झाली.

इतिवृत्त आठ दिवसांनी आलं. त्यात होतं: 'सत्कारमूर्तींनी मनोगत व्यक्त केले. हरकती: निरंक.'

त्याच्या मागोमाग काकांना चौकशीची नोटीस आली. अधीक्षकाने सांगितलेला पेच त्यात आणखी पक्का झाला होता. नोंदी खोट्या असल्याचं सिद्ध होईपर्यंत त्या खऱ्या मानल्या जातील, म्हणून काम थांबवण्याचं कारण नाही. आणि नोंदी खोट्या आहेत असं ज्या अर्थी कर्मचाऱ्याने स्वतः कबूल केलं आहे, त्या अर्थी त्याने सर्व दिवसांचे खरे शेरे नव्वद दिवसांत सादर करावेत. तोवर पेन्शनचा प्रस्ताव रोखण्यात येत आहे. नोटीस लिहिणाऱ्याला हे अशक्य वाटलं असणार. काकांनी भागाकार करून पाहिला. रोजचे एकशे अठरा पडत होते.

सोमवारी भराव टाकायला सुरुवात झाली. मुरूम भरलेले डंपर आमच्या गल्लीवरूनच जात. त्याच सोमवारी काकांनी हातगाडीवरून अठ्ठावन्न नोंदवह्यांच्या प्रती घरी आणल्या. सायकलवाल्याने त्या वर चढवायला मदत केली आणि इतक्या वह्यांत काय आहे, असं विचारलं. काकूंनी शिवणयंत्र भिंतीला सारून टेबल रिकामं केलं.

पहिला आठवडा काकांनी एकट्याने काढला आणि तो वाईट गेला. आकडा पाहिला की त्यांना तळं दिसायचं, पण दिवस दिसायचा नाही. अमुक दिवशी तीनशे दहा शेकाटे होते हे खरं. पण त्या दिवशी विशेष काय होतं? सुचेल ते लिहून मोकळे व्हा, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. काका म्हणाले, की खोटं लिहिल्याचा खुलासा खोटं लिहून कसा करणार. मग आठव्या दिवशी काकू हातातली शिलाई घेऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. कारण शेऱ्यात न लिहिलेलं सगळं काका रोज घरी येऊन त्यांना सांगत आले होते, आणि आपण ऐकत नाही असं काकूंनी त्यांना एकोणतीस वर्षं भासवलं होतं.

काकूंची कालगणना वेगळी होती. थोरल्या मुलीला गोवर आला होता त्या आठवड्यात थापटे उशिरा आले. शेजारच्यांनी नळावरून भांडण काढलं त्या दिवशी पाणकावळ्याच्या गळ्यात मासा अडकला. काका तारीख वाचायचे, आकडे वाचायचे, आणि काकू सुई न थांबवता पुढचं सांगायच्या. खरोखरच काही घडलं नव्हतं अशा दिवशी काका 'साधा दिवस, ऊन होतं' असं लिहीत. तेही खरं होतं.

नव्वद दिवस संपले तेव्हा ते अकराव्या वर्षात होते आणि भराव खुराड्याच्या खांबांपर्यंत आला होता. काकांनी मुदतवाढीचा अर्ज केला. अर्ज मंजूर झाला. 'सदर स्थळाच्या नोंदी विपुल असल्याने मुदतवाढ देण्यात येत आहे,' असं त्या पत्रात होतं. काकांनी ते पत्र सगळ्यांना दाखवलं. सरकारी कागदावर तळ्याविषयी 'विपुल' हा शब्द पहिल्यांदाच आला होता. पत्र आलं त्याच दुपारी खुराडं पाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो तेव्हा ते बाराव्या वर्षाच्या फेब्रुवारीत अडले होते.

"सहा तारीख," काका वाचत होते. "टिबुकली एक्केचाळीस. तलवार बदक पाचशे सत्तर. इतर, एक." ते थांबले. "हे इतर काय होतं कोण जाणे."

काकूंची सुई या वेळी थांबली. "त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नव्हता."

"मग राहू दे. साधा दिवस लिहितो."

"साधा दिवस कसा? जेवताना बोलला नाहीत. आपलं ताट आपण घासलंत आणि पायरीवर जाऊन बसलात. मला वाटलं, कचेरीत काही झालं."

खाली डंपर गेला, आणि काकांनी त्या एकच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "क्रौंच होता. एकटा."

"मग?"

"ते एकटे येत नाहीत गं कधी. पाण्याच्या मधोमध उभा राहून हाका मारत होता. दिवसभर. साडेपाचला मी निघालो तरी चालूच होतं."

"मला का नाही सांगितलंत तेव्हा?"

"काय सांगायचं होतं त्यात?"

"आता सांगितलंत तेच," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

रकाना दोन बोटं रुंद. एवढं त्यात मावेना, ओळी समासात गेल्या, समासातून वर चढल्या. काकूंनी वही आडवी करून धरली, म्हणजे त्यांना हात टेकवून लिहिता यावं. लिहून झाल्यावर काकांनी एकदा वाचून पाहिलं, एक काना राहिला होता तो दिला.

"हं," काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "सात तारीख."